क्षार म्हणजे मीठ

निपाणी
१२ डिसेंबर २०२४

मंगलआक्का,

तोडलेलं पान नेमकं कधी मरतं? तुझ्या पत्रातला हा प्रश्न मी तीन वेळा वाचला. बाजारातून आणलेली मेथीची जुडी दोन दिवस हिरवीगार असते, मग तिला जिवंत म्हणायचं की मेलेली, असं तू विचारलं आहेस. मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, आणि मला याचं उत्तर येत नाही. पान तोडल्यावरही त्याच्या पेशी काही काळ श्वसन करतात, उजेड मिळाला तर थोडं अन्नही तयार करतात, एवढं ठाऊक आहे. पण ते नेमकं कोणत्या क्षणी थांबतं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. परीक्षेत हा प्रश्न येणार नाही, तेव्हा काळजी करू नकोस. तुला तो सुचला याचा मात्र मला फार आनंद झाला.

आता कामाचं. आत्या आजारी पडली आणि नववीतून तुझी शाळा सुटली, तेव्हा मी बालवाडीत होते. आज तू तेहतिसाव्या वर्षी बाहेरून दहावीला बसते आहेस आणि आपल्या घरात विज्ञान शिकलेली मी एकटीच आहे, म्हणून तुला शिकवण्याचा मान माझ्याकडे आला. गावच्या अंगणवाडीतली मदतनीसाची जागा जूनमध्ये भरणार आणि त्यासाठी दहावी पास लागते, हे कळलं. म्हणजे मार्चच्या परीक्षेत पास व्हायलाच हवं. होशील.

फोनवर शिकवता आलं असतं, पण घरातला एकुलता एक फोन दाजींबरोबर लॉरीवर फिरतो. ते एका परीनं बरंच झालं. उत्तर तोंडाला येणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं. मी दर पत्रात दहा प्रश्न पाठवीन, तू वही न बघता उत्तरं लिहून पाठवायचीस, मी लाल शाईनं तपासून परत धाडीन.

आणखी एक. कन्नड मुलखात पंधरा वर्षं संसार करून तू मराठीत परीक्षा देते आहेस, याचा मला अभिमान वाटतो. आपल्या भाषेत शिकणं हा आपला हक्क आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हेच सांगत असते. वर्ग मोठा आहे, दिवस कसा जातो ते कळत नाही.

सोबत पेशी, ऊती आणि रक्ताभिसरण यांचे प्रश्न.

तुझी रचना

•

२१ डिसेंबर

प्रिय रचना,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं अंगणात उभं राहून माझं नाव मोठ्यानं घेतलं तवा शेजारच्या दोघी बाहेर आल्या. माझ्या नावावर या घरात आजवर फक्त रेशन कार्डाचा कागद आलाय. सासूबाईंनी विचारलं, कुणाचं गं? म्हंटलं, माझ्या मास्तरणीचं. त्या म्हणाल्या, मास्तरीण वयानं केवढी? मी सांगितलं चोवीस. लई हसल्या. मग म्हणाल्या, शीक शीक, म्हातारपणी माझ्या गोळ्यांच्या पाकिटावरचं तरी वाचशील.

उत्तरं सोबत लिवलीत. हात लई दुखला गं. एवढं सलग मराठी लिवून किती वर्सं झाली ते आठवंना. "ळ" काढताना दोनदा चुकले, हसू नकोस.

रक्ताचं कळलं. धमनी हृदयाकडून नेते आणि शिरा परत आणते. पण शिरा म्हंटलं की मला सत्यनारायणाचा परसादच आठवतोय, त्याला मी काय करू? अंगातनं तूप-रवा फिरतोय असं वाटतंय.

तू मराठीतल्या परीक्षेचं लिवलंस. त्याबद्दल पुढं कधीतरी बोलू. आधी धडा नीट येऊ दे.

तुझा वर्ग मोठा हाय म्हणतीस, मग माझे पेपर तपासायला येळ कुठला काढतीस? जेवतीस का नीट? निपाणीत खोलीवर एकटीच असतीस न्हवं?

तुझी मंगलआक्का

•

निपाणी
२ जानेवारी २०२५

मंगलआक्का,

दहापैकी आठ! शिऱ्याचं वाचून मी एकटीच खोलीत हसले आणि मग लक्षात आलं, की दोन दिवसांत मी मोठ्यानं हसले नव्हते. उद्या वर्गात सांगते.

मोठी चूक एकच. "पेशींच्या समूहाला अवयव म्हणतात" असं तू लिहिलंस. मध्ये एक पायरी गाळलीस. पेशींची ऊती, ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था. बोटांवर मोज. घरातली माणसं, मग घर, मग गल्ली, मग गाव, असं समज.

मी जेवते नीट. खाली मालुबाई म्हणून घरमालकीण आहेत, त्या सणावाराला ताट देतात. परवा त्यांनी विचारलं, "एवढं शिकून पण कायम न्हाईस म्हणं? गेस्ट म्हंजे पाव्हणीच की." मी म्हटलं, हो, पाहुणीच. त्यांना वाईट बोलायचं नव्हतं.

घरी सांबऱ्याला गेले की आप्पा विचारतात, "काय शिकवतीस?" मी सांगायला लागले की ते मान हलवतात आणि थोड्या वेळानं उठून जनावरांकडे जातात. त्यांना माझं कौतुक आहे. पण मी काय करते हे त्यांना कळत नाही, आणि ते कळत नाही हे मला दिसू नये म्हणून ते उठतात. तुला हे लिहायचं नव्हतं, पण आता शाईनं लिहिलं गेलं आहे.

पुढचा धडा आम्ल, आम्लारी आणि क्षार. हा पक्का कर. दरवर्षी यावर प्रश्न असतोच. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात.

तुझी रचना

•

१९ जानेवारी

प्रिय रचना,

आम्ल-आम्लारी माझ्या घरातच निघालं की! हळदीचा डाग साबणानं धुतला की लाल का होतो हे मला आज कळलं. पंधरा वर्सं मी त्या साबणालाच शिव्या देत होते. सासूबाईंना दाखवलं. पांढऱ्या फडक्यावर हळद लावली, साबण घासला, लाल. मग लिंबू पिळला, परत पिवळं. त्या म्हणाल्या, भानामती करायला शिकलीस व्हय? आणि मग शेजारच्या बाईला बोलावून परत करायला लावलं. त्या बाईनं आपली पोरगी आणली. लई दिवसांनी आमच्या अंगणात माणसं आली.

एक विचारायचं हाय. क्षारात लाल लिटमस बुडवला तर तो निळा होतो न्हवं? मला असं वाचल्यागत वाटतंय. पण तू लिवलंयस की आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार होतो. मग तो परत आम्लारीगत कसा वागंल? दोन दिवस डोकं खाल्लं. बरोबर काय ते ठासून सांग म्हंजे झालं.

आप्पामामा उठून जातात ते मनाला लावून घेऊ नकोस. माझ्याजवळ तर उठून जायला पण कुणी न्हाय. हे महिन्यातनं चार दिवस घरी. सासूबाई मायाळू हाईत, पण त्या आठ वाजता झोपतात. मराठी बोलायला तर माणूसच न्हाय. कधी कधी म्हशीला हाका मारताना मराठीत मारते, तीच ऐकून घेते.

तुझी मंगलआक्का

•

निपाणी
२७ जानेवारी

मंगलआक्का,

नाही, नाही, नाही! हे तू कुठून वाचलंस? गावातल्या कुणाचं तरी जुनं गाइड असेल. असली पुस्तकं मुलांचं नुकसान करतात. ते बाजूला ठेव, किंवा चुलीत घाल.

नीट लक्षात घे. लाल लिटमस निळा करते ती आम्लारी. क्षार म्हणजे मीठ. आपलं जेवणातलं मीठ हा क्षारच आहे, त्याच्या पाण्यात लिटमस बुडवून बघ, काहीही होत नाही. धुण्याच्या सोड्यासारखे काही क्षार वेगळे वागतात, पण ते तुला आत्ता नको. तू एवढंच पाठ कर: क्षार म्हणजे मीठ. रोज सकाळी भाजीत मीठ घालताना मनात म्हण. डोळे झाकून उत्तर आलं पाहिजे.

पुस्तकात काही वेगळं दिसलं तर खोड आणि मी सांगितलेलं लिही. जबाबदारी माझी.

जरा रागानं लिहिलं असेन तर माफ कर. तुझं वाक्य वाचून मला भीतीच वाटली. तुझे गुण अशा जागी जाता कामा नयेत.

तुझी रचना

•

२० फेब्रुवारी

प्रिय रचना,

रागवलीस म्हणून बरं वाटलं. माझ्यावर शाळेनंतर कुणी अभ्यासासाठी रागावलंच न्हाय.

तू म्हणालीस तसं केलं. पुस्तकातलं खोडलं आणि पेनानं तुझं वाक्य लिवलं. सकाळी मीठ घालताना म्हणते पण. परवा म्हणता म्हणता दोनदा घातलं आणि आमटी खारट झाली. सासूबाई म्हणाल्या, तुझी परीक्षा होईस्तोवर आम्ही आळणी तरी खावं, न्हायतर समुद्र तरी प्यावा.

या खेपेला तू धाडलेले तीसच्या तीस प्रश्न लिवलेत. तपास. आणि रचना, सांबऱ्यापास्नं आमचं गाव दोन तासांचं. एखाद्या रविवारी येऊन जा की. बैलहोंगलच्या बसला बस आणि फाट्यावर उतर. हळदीचं फडकं तुला पण दाखवते.

तुझी मंगलआक्का

•

निपाणी
३ मार्च

मंगलआक्का,

तीसपैकी सत्तावीस. आता माझ्याकडे तुला शिकवायला फारसं काही उरलं नाही.

यायचं मनात आहे, पण रविवारी मुलांची उजळणी असते. परीक्षेनंतर नक्की येते. पेपर हातात आला की आधी सगळा वाच. ज्याचं येतं ते आधी लिही. आणि पाणी पिऊन जा.

तुझी रचना

•

५ एप्रिल

प्रिय रचना,

संपली बाई परीक्षा! विज्ञान लई सोपं गेलं. उदासिनीकरण आलतं, समीकरणासकट. मी आधी तेच लिवलं. क्षारावर पण आलतं, ते डोळे झाकून लिवलं. ऊतीचं आलतं. हॉलमध्ये माझ्या बाकावरची पोरगी सोळा वर्सांची, ती मला मावशी म्हणून पेन मागत होती. माझा पेपर तिच्याआधी संपला.

आता प्रश्न पाठवायचं बंद करशील न्हवं? सवय झालीती.

तुझी मंगलआक्का

•

सांबरा
४ मे

मंगलआक्का,

परवा निकाल लागला. तुझं पत्र नाही, निरोप नाही. दाजींच्या फोनवर दोनदा लावला, लागला नाही. मला तुझा परीक्षेचा बैठक क्रमांकही ठाऊक नाही, नाहीतर मीच बघितलं असतं. तू पास झालीस याबद्दल मला शंका नाही, पण ते तुझ्या हातून वाचायचं आहे.

शाळेतली पाहुणीची नेमणूक मार्चपर्यंतच होती, म्हणून मी एप्रिलपासून घरीच आहे. अनगोळमधल्या एका क्लासनं मला बोलावलं आहे, पंधरा मेपासून. इंग्रजी माध्यमाची मोठी बॅच आहे, पुढं कायम करतील असं म्हणतात. आई खूश आहे.

लवकर लिही गं.

तुझी रचना

•

११ मे

प्रिय रचना,

निकाल कळल्यावर तुला लगेच लिवायचं हुतं, पण हात उचलंना. बाकीचे पाचही विषय सुटले. विज्ञान गेलं. एकतीस पडले, पस्तीस लागतात.

तपासलेल्या पेपरची नक्कल मागवता येते म्हणून मागवली. त्याची झेरॉक्स सोबत धाडतेय. ती बघितलीस की तुला कळेलच, तरी आधी माझ्या तोंडून ऐक. मी परीक्षा कन्नडमधनं दिली.

फॉर्मात मिडियमचा रकाना हुता. अंगणवाडीतली पोरं कन्नड बोलतात, पुस्तकं शेजारच्या पोरीची मिळाली ती कन्नड, गावातल्या सरांनी विचारलं, मी व्हय म्हणाले. नोव्हेंबरातच. तुझ्या पहिल्या पत्राच्या आधी.

तुझं मराठीत शिकायचं आणि ते मनात कन्नड करून लिवायचं, असं मी ठरवलं हुतं. सोपं वाटलं. धमनी, हृदय, आम्ल, सगळं सारखंच तर हाय. पण क्षार सारखा न्हाय, रचना. कन्नडमध्ये मिठाला लवण म्हणतात. आणि क्षार म्हंजे तुझी ती आम्लारी, पाण्यात विरघळणारी. लिटमस निळा करणारी. मी ते पुस्तकातच वाचलं हुतं आणि तुला विचारलं हुतं. आणि मग खोडलं.

आम्लारी हा शब्द तर कन्नडात न्हायच. ऊतीचा त्यांनी ऊत वाचला असंल, म्हंजे सूज. माणसाचा अवयव सुजेपासनं तयार होतो असं मी लिवून आलेय. सर म्हणाले, पेपर तपासणारा कपाळाला हात लावून बसला असंल. मी पण हसले. मग घरी येऊन न्हाय हसले.

तुला दोष देत न्हाय. तुला कुठं ठाऊक हुतं?

तू म्हणशील, आक्का, सांगितलं का न्हाईस. सांगते. पास व्हायचं हुतंच. पण तुझी पत्रं यावीत म्हणून पण मी शिकत हुते. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मला कन्नडमधलं विज्ञान येत न्हाय, तुझ्या गावातल्या सरांना विचार. ते बरोबरच झालं असतं. आणि पत्रं थांबली असती. पंधरा वर्सांत मला मराठीत कुणी पत्र धाडलं न्हवतं गं.

परीक्षा-२, म्हंजे राहिलेल्या विषयाची फेरपरीक्षा, मे अखेरीला हाय. काल शेवटचा दिवस हुता, फॉर्म भरला. पास झाले तर अंगणवाडीचा अर्ज वेळेत जाईल. एकच विषय. सरांचं लग्नसराईत पाय घरात ठरंना, तवा माझी मीच वाचतेय. तू आता यात पडू नकोस. तुझ्या नव्या क्लासचं बघ. माझ्यापायी तू खूप शाई घालवलीस.

मंगलआक्का

•

१६ मे

मंगलआक्का,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. समोर आलीस की मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझी नक्कल मी दोन दिवस वाचली. शाळेत कन्नड हा विषय होता, म्हणून अक्षरं येतात, पण सावकाश. सहाव्या प्रश्नात तू लिहिलं आहेस, आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी होतं. अक्षर सुंदर आहे. त्याखाली लाल फुली आहे. क्षाराच्या तीन फुल्या मी मोजल्या. त्या तुझ्या उत्तरावर आहेत, पण माझ्या आहेत. तुझ्या पुस्तकात बरोबर होतं. तू बरोबर विचारलंस. मी एकदाही विचारलं नाही, की आक्का, तू वाचतेस ते पुस्तक कोणतं? मला इतकं बरोबर असण्याची घाई होती, की तुझा प्रश्न मला चूक वाटला. जबाबदारी माझी असं मी लिहिलं होतं. ते लिहिताना मला वाटत होतं, की जबाबदारी हा नुसता एक शब्द आहे.

तू लपवलंस तसं मीही लपवलं. माझा वर्ग मोठा नव्हता. दहावीत सहा मुलं होती. त्यांतल्या दोघांनी दिवाळीनंतर शाळा सोडली. रविवारी कसलीही उजळणी नव्हती. रविवारी मी तुझी उत्तरं तपासायची, मग परत तपासायची, आणि लिफाफा सोमवारी टाकायची, कारण रविवारीच संपवला तर पुढं काय करायचं हा प्रश्न असायचा. तू ये म्हणालीस तेव्हा मी आले नाही. आले असते तर तुला दिसलं असतं, की घरातली पहिली पदवीधर रविवारी रिकामी असते.

मराठीबद्दल मी जे बोलले ते खोटं नव्हतं. आजही मला तसंच वाटतं. पण तुझा पेपर मराठीत आहे असं मी धरून चालले, कारण मला ते हवं होतं. तुला काय हवं आहे ते रकान्यात लिहिलेलं होतं.

अनगोळच्या क्लासला मी परवा नाही म्हणून सांगितलं. आप्पांनी विचारलं, "मग काय करणार?" मी सांगितलं, मंगलआक्काकडे जाते, तिच्याबरोबर कन्नडमधून दहावीचं विज्ञान शिकते. ते या वेळी उठून गेले नाहीत. म्हणाले, "कन्नड मला येतं की गं. बाजारात आयुष्य गेलं." आणि बसून त्यांनी मी शेजारून मागून आणलेल्या कन्नड पुस्तकातला पहिला धडा माझ्याकडून वाचून घेतला. अडले तिथे उच्चार सांगितले. जीवकोश म्हणजे पेशी, अंगांश म्हणजे ऊती, प्रत्याम्ल म्हणजे आम्लारी, लवण म्हणजे मीठ. त्यांना अर्थ माहीत नव्हता आणि मला उच्चार, असं आम्ही अकरा पानं वाचली.

मी तुला शिकवायला आलेली नाही. तुझ्याइतकंच मलाही येत नाही. पण धडा काय सांगतो ते मला ठाऊक आहे आणि तो कोणत्या शब्दांत सांगायचा ते तुला. दहा दिवस आहेत.

सकाळी साडेसहाची बस धरली, फाट्यावर उतरले, चालत आले. तू रेशनच्या रांगेत आहेस असं सासूबाईंनी सांगितलं. हे पत्र त्यांच्या हातात देते आहे. त्या आत जाऊन तुझ्या वह्यापुस्तकांच्या पिशवीखाली ठेवणार म्हणतात, म्हणजे तू मला बघायच्या आधी वाचणार नाहीस. असू दे. माझी पिशवी त्यांनी केव्हाच तुझ्या खोलीत नेऊन ठेवली आहे.

रचना